त्रुटीचा त्रिलक्षांश

भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणी'त कालाचे विभाग 'त्रुटी'पर्यंत नेले आहेत. आजच्या हिशेबानें एका सेकंदांत अशा ३३,७५० त्रुटी मावतात. एका त्रुटीचे पुन्हां सुमारें तीन लक्ष भाग करावे आणि तेवढ्या काळांत काय काय घडलें तें क्रमानें सांगावें, असें कार्य आज शास्त्रज्ञांपुढें आहे.

अमेरिकेंत लिव्हरमूर येथें १९२ लेसर-झोत धातूच्या लहानशा नळकांड्यांत सोडतात. त्यांतील मिरीच्या दाण्याएवढी कुपी त्या योगें चेपली जाऊन हायड्रोजनच्या दोन जड रूपांचा संयोग होतो. ५ डिसेंबर २०२२ रोजीं तेथें २.०५ मेगाजूल प्रकाशशक्ति देऊन ३.१५ मेगाजूल शक्ति मिळाली. हें जळणें मात्र त्रुटीच्या सुमारें त्रिलक्षांशांतच आटोपतें. तें केव्हां पेटलें व किती वेळ टिकलें हें कळल्यावांचून प्रयोग कां साधला किंवा कां फसला, याचा उलगडा होत नाहीं.

मग ही वार्ता आणावी कोणीं? बहुतेक शक्ति न्यूट्रॉन नेतात. पण त्यांचा वेग प्रकाशाच्या षष्ठांशाएवढा, आणि तोही सर्वांचा सारखा नसतो. काळेवाडीहून दहा मुलें पवनेच्या पुलावरून पिंपरीकडे एकदम धांवत सुटलीं, तरी तीं मागेंपुढें पोंचणार. त्यावरून निघण्याचा क्षण कसा सांगावा? लाख संयोगांमागें चारपांच गॅमा किरण निघतात. ते सर्व प्रकाशवेगानेंच जात असल्यामुळें निघतांनाचा क्रम पोंचतांनाही तसाच राहतो.

हे किरण पातळ पत्र्यावर आदळून इलेक्ट्रॉन पुढें ढकलतात. पत्र्यामागें दाबाखालीं वायु भरलेली नळी असते. वायूंत प्रकाशाची गति किंचित् मंदावते; तिच्याहून वेगवान् इलेक्ट्रॉन जातांना जो निळसर प्रकाश पडतो, त्यास चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. त्याचा चढउतार शीघ्र यंत्र टिपतें. वायूचा दाब बदलून दुर्बळ किरण वगळतां येतात. यंत्ररचनेचें सारें मर्म येथेंच आहे.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें लडाखांत हानले येथें २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं तिचें उद्घाटन झालें. आकाशांतून येणाऱ्या गॅमा किरणांमुळें वातावरणांत पडणारा हाच प्रकाश ती टिपते. तेथें नळीचें काम वातावरणच करतें.

घरचे दिवे या शक्तीवर लागण्यास अद्याप अवकाश आहे. वरील प्रयोगांत लेसर चालविण्यासच सुमारें ३०० मेगाजूल वीज लागली होती. म्हणूनच प्रत्येक प्रयोगापासून शिकणें अगत्याचें, आणि त्यासाठीं क्षणाचा हिशेब चोख हवा.