अॅन्सिबल व्हॉल्ट : कुलूप कुठवर पुरतं?

पन्नास सर्व्हर एकसारखे उभे करायचे, तर अॅन्सिबल फार कामाला येतं. सगळ्या सूचना यामल फाइलींत (‘प्लेबुक’मध्ये) लिहायच्या आणि त्या गिटमध्ये ठेवायच्या. पण त्याच फाइलींना डेटाबेसचा पासवर्डही लागतो. तो झाकण्यासाठी अॅन्सिबलमध्ये २०१४ पासून ‘व्हॉल्ट’ आहे. त्याच्याबद्दलचे काही समज मात्र महागात पडू शकतात.

गैरसमज : रेपॉझिटरी खासगी आहे, मग एन्क्रिप्शन कशाला?
वस्तुस्थिती : ‘खासगी’ रेपॉझिटरीची प्रत प्रत्येक सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर आणि बॅकअपमध्येही असते. त्यातली एक जरी बाहेर गेली, तरी उघडा पासवर्ड तिच्याबरोबर जातो.

गैरसमज : बेस६४ केलं की पुरे.
वस्तुस्थिती : बेस६४ म्हणजे नुसता वेश पालटणं. त्याला किल्लीच नसते. एका कमांडने कुणीही मूळ मजकूर काढतो. व्हॉल्ट एईएस-२५६ वापरतं आणि तुमच्या पासवर्डपासून किल्ली घडवताना पीबीकेडीएफ२च्या १०,००० फेऱ्या करतं. तरीही पासवर्डच सोपा असेल, तर फाइल हाती लागलेला माणूस निवांत बसून तो ओळखू शकतो. म्हणून तो लांब आणि यादृच्छिक हवा.

गैरसमज : चुकून उघडी गेलेली फाइल नंतर एन्क्रिप्ट केली, विषय संपला.
वस्तुस्थिती : गिट काही विसरत नाही. जुन्या कमिटमध्ये तो पासवर्ड तसाच असतो. ‘रीकी’ केल्याने, म्हणजे व्हॉल्टचा पासवर्ड बदलल्याने, फक्त व्हॉल्टचं कुलूप बदलतं. डेटाबेसचा पासवर्ड डेटाबेसमध्येच बदलावा लागतो. व्हॉल्टची किल्ली माहीत असलेला सहकारी नोकरी सोडून गेला, तरीही हेच करायचं.

गैरसमज : व्हॉल्टमधलं गुपित शेवटपर्यंत झाकलेलं राहतं.
वस्तुस्थिती : व्हॉल्ट फक्त साठवलेली फाइल राखतं. प्लेबुक चालताना मजकूर उलगडतो. ‘कॉपी’ मॉड्यूल एरवी फाइल उलगडूनच समोरच्या सर्व्हरवर ठेवतं, तेव्हा तिथे ०६०० परवानगी (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्यायला हवी. गुपित लॉगमध्ये छापलं जाऊ नये म्हणून त्या टास्कला ‘नो_लॉग’ लावायचं.

आणि व्हॉल्टचा पासवर्ड? तो त्याच रेपॉझिटरीत ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणं. तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. आज जमलं तर एकच करा: आपल्या गिटच्या इतिहासात ‘पासवर्ड’ हा शब्द शोधून पाहा. जे सापडेल, ते आजच बदला.