शस्त्र वाहणे आणि शस्त्र बाळगणे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शेजारी तालुके. दोन्हींचा बंदुकीशी संबंध जुना आहे, आणि तो बराचसा आमच्या माणसांच्या खांद्यावरून गेलेला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे कंपनीच्या पलटणीतले महार शिपाई लढले. जे पडले त्यांची नावे नदीपलीकडे, पेरणे गावच्या हद्दीतील विजयस्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाजवळ उभे राहिले. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट ५ आणि ७ आहेत. वस्त्यांमधली मुले भरतीत उतरतात आणि सरकारी रायफल खांद्यावर घेऊन कवायत करतात.

म्हणजे शस्त्र आम्हाला परके नाही. परंतु शस्त्र वाहणे वेगळे आणि शस्त्र बाळगणे वेगळे. वाहणारा दुसऱ्याच्या हुकमाने वाहतो. गावगाड्यात महाराने वेस राखली, सरकारी खजिना पोहोचवला, पण त्याच्या हाती काठीच राहिली. कंपनीने बंदूक दिली आणि १८९०च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने लढवय्या जातींचे थोतांड पुढे करून भरतीच बंद केली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. शस्त्र देणारा आणि काढून घेणारा प्रत्येक वेळी दुसराच होता. चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्रापासून तोडले म्हणूनच ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. शस्त्र, मताधिकार आणि शिक्षण या तिन्हींचा विचार त्यांनी तिथे एकत्र केला आहे.

गेल्या वर्षी मी स्वतःच्या नावावर एक रायफल घेतली, पॉइंट टू-टू म्हणतात ती. भावकीतल्या एका जाणत्याने विचारले, “मास्तर, आपल्याला कशाला ही भानगड?” गावातल्या वाड्यात भिंतीवर दुनळी टांगलेली असते, तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘आपल्याला’ या एका शब्दात सगळा गावगाडा आहे. म्हणून ही माहिती लिहितो आहे.

या रायफलीच्या नळीचा व्यास इंचाच्या बावीस शतांश, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. काडतूस बोटाच्या पेराएवढे, आवाज कमी, खांद्याला धक्का नाममात्र. नेमबाजी शिकायला म्हणूनच ती सोयीची. पण ती खेळणे नव्हे. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि माणसाचा जीव घेऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, ते याच बोअरच्या रायफलीने.

आता कायदा. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून सामान्य हिंदी माणूस निःशस्त्र केला. गोऱ्यांना व वरच्या थरातील काहींना मात्र सूट ठेवली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९चा, अंमल १९६२ पासून. त्यातील तीन गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात. कलम १३ प्रमाणे, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टूचा परवाना द्यावयाचा आहे. स्वसंरक्षणासाठी रायफल वा पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. कलम १४ म्हणते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारलाच, तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास सहसा द्यावी लागतात. त्यावर अपील करता येते.

ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलीस चौकशी करतात. २०१६च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षे आहे. माझ्या अर्जाच्या वेळी एका टेबलावर मला पहिला प्रश्न आला तो “जमीन किती?” मी कलम १४ दाखवले. कारकून वाईट नव्हता. बंदूक म्हणजे जमीनदाराची वस्तू, हे त्याच्या मनात इतके मुरले होते की कायदा उघडून पाहण्याची गरजच त्याला कधी पडली नव्हती.

मग या रायफलीने अत्याचार थांबेल काय? नाही, आणि हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे. सरावाच्या परवान्यावरची रायफल सरावासाठीच आहे. ती मिरवायची नाही, मोर्चात न्यायची नाही. शिरूरच्या उसात बिबट्या फिरतो आणि रात्री पाण्याच्या पाळीला जाणारा मजूर जीव मुठीत धरून जातो. पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे. प्रत्यक्ष जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर त्याच्यावर गोळी झाडणे गुन्हा आहे. पाणी तोडले, दुकानदाराने मीठ नाकारले, शेतावरचे काम बंद केले, तर कुणावर नेम धरणार? आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात जो हिंसाचार झाला, तसल्या जमावापुढे एकट्याची रायफल काय करणार?

यावर उत्तर आहे ते अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५च्या नियमांत. नियम ३ प्रमाणे शासनाने अत्याचारप्रवण क्षेत्रे ओळखायची आहेत. तिथे गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करायची, बेकायदा शस्त्रे जप्त करायची, आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे. हा क्रम ध्यानात घ्यावा: आधी धाक घालणाऱ्याचे शस्त्र खाली, मग धाकात असलेल्याला शस्त्र. आपण शेवटच्या तरतुदीवर भाषणे करतो आणि पहिली कधी लावून धरीत नाही. परवाने देणारे जिल्हाधिकारीच जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचे अध्यक्ष असतात. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. आपल्या तालुक्यातली कोणती गावे ओळखली, तिथे किती परवाने कुणाकडे आहेत, त्यांपैकी कितींचा फेरविचार झाला, हे तिथे लेखी विचारता येते.

माझी रायफल घरात कुलपात असते. काडतुसे वेगळ्या कुलपात. रविवारी मी कागदाच्या निशाणावर नेम धरतो. ती घेतल्याने मी गावात मोठा झालो नाही, आणि घरावर दगड आलाच तर मी आधी पोलीस ठाणेच गाठणार आहे. पण परवान्यावर माझे नाव आहे, मालक म्हणून. ज्यांच्या पूर्वजांना दोनशे वर्षे शस्त्र फक्त वाहायला मिळाले, त्यांच्यापैकी एकावर राज्याने नागरिक म्हणून टाकलेला तो विश्वास आहे. हा विश्वास हक्काने मागावा. ज्याला बंदूक नको असेल त्याने घेऊ नये. पण ‘आपल्याला कशाला’ म्हणून कुणी मागे राहू नये.