मुक्कामाची जागा कशी निवडाल?

पुणे जिल्ह्यात मावळ तालुका आहे. तेथील आंद्रा नदीच्या खोऱ्याला आंदर मावळ म्हणतात. या नदीवर ठोकळवाडी येथे टाटांनी धरण बांधले. त्याच्या पाण्यावर १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीला वीज तयार होते. जलाशयाभोवती डोंगर व दाट झाडी आहे. अशा ठिकाणी तंबूत राहण्यास कोणाला आवडणार नाही? पण जागा चुकली, तर सहल जिवावर बेतू शकते.

प्रथम जमीन कोणाची आहे ते विचारा. शेत असेल तर मालकाची, वन असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. जागा उजेडातच पाहा.

अगदी काठावर तंबू ठोकू नका. विजेसाठी पाणी सोडले, की जलाशय उतरतो आणि काठ उघडा पडतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो. पावसाळ्यात तेथे पुन्हा पाणी चढते. सपाट भातखाचरही फसवे असते. पाणी साठावे म्हणूनच त्याला बांध घातलेले असतात. कोरड्या ओढ्यातही राहू नका. डोंगरावर पाऊस पडला, की तेथे अचानक लोंढा येतो.

किंचित उंच आणि थोड्या उताराची जागा उत्तम. तेथे पाणी थांबत नाही. मात्र वर वाळलेली फांदी नसावी. वाळक्या गवताजवळ शेकोटी पेटवू नका. शौचाला पाण्यापासून शंभर पावले दूर जा. अनोळखी पाण्यात पोहायला उतरू नका.

शेवटी गावातील वडीलधाऱ्यांना विचारा, “येथे पाणी कोठवर चढते?” त्यांनी अनेक पावसाळे पाहिलेले असतात. त्यांचे ऐका.