स्थलांतर, स्वस्त राहणीसाठी

उत्पन्नाचा स्रोत महाग प्रदेशात कायम ठेवून खर्चाचे ठिकाण स्वस्त प्रदेशात नेणे, यास स्वस्त राहणीसाठी केलेले स्थलांतर म्हणतात. सामान्य स्थलांतरात व्यक्ती अधिक उत्पन्नाच्या शोधात जाते. या प्रकारात उत्पन्न तेच राहते, मात्र त्याची क्रयशक्ती वाढते. निवृत्तिवेतन, व्याज, घरभाडे किंवा दूरस्थ काम यांपासून मिळणारे उत्पन्न राहत्या जागेवर अवलंबून नसते. म्हणून असे उत्पन्न असणाऱ्यांना परदेशी जाऊन राहणेही शक्य होते. ज्याचे वेतन रोजच्या हजेरीवर अवलंबून असते, त्यास कामाच्या जागेपासून रोजच्या प्रवासाच्या पल्ल्याबाहेर जाता येत नाही. त्याचे स्थलांतर महानगराच्या सीमेपलीकडील स्वस्त गावापाशीच थांबते. बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेलगतचे मीरा-भाईंदर (जि. ठाणे) हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय.

तात्त्विक आधार : कापड, यंत्रे यांसारख्या वाहून नेता येण्याजोग्या वस्तूंच्या किंमती निरनिराळ्या ठिकाणी फारशा भिन्न नसतात. जमीन, घर आणि वैयक्तिक सेवा मात्र वाहून नेता येत नाहीत. त्यांच्या किंमती स्थानिक मागणी व वेतन यांवर ठरतात. बेला बॅलासा व पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, उत्पादकता अधिक असलेल्या देशांत वेतनमान वाढते व त्यामुळे तेथील सेवाही महाग होतात. म्हणूनच श्रीमंत देशातील बेताचे निवृत्तिवेतन गरीब देशात पुरेसे ठरते. एकाच नगराच्या परिसरात हाच फरक जमिनीच्या मूल्यात दिसतो. योहान फोन ट्यूनेन (१८२६) याने शेतजमिनीबाबत आणि विल्यम अलॉन्सो (१९६४) याने नागरी जमिनीबाबत मांडलेल्या उपपत्तींनुसार केंद्रापासूनचे अंतर वाढते, तसा वाहतूक खर्च वाढतो व जमिनीचा खंड घटतो.

परदेशी स्थलांतर : नेपोलियनची युद्धे १८१५ मध्ये संपल्यावर अनेक इंग्रज कुटुंबे काटकसरीसाठी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नगरांत जाऊन राहिली. विसाव्या शतकात अमेरिकन निवृत्तांनी मेक्सिकोतील चापाला सरोवराचा परिसर, तर ब्रिटिशांनी स्पेनचा भूमध्य सागरी किनारा जवळ केला. मलेशियाने २००२ मध्ये परकीयांसाठी दीर्घ मुदतीच्या निवासाची योजना सुरू केली, तर एस्टोनियाने २०२० मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी खास प्रवेशपरवाना दिला. अशा स्थलांतरात विनिमयदरातील चढउतार, निवासपरवान्याच्या अटी आणि वैद्यकीय खर्च हे तीन मुख्य धोके संभवतात. अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ योजनेचा लाभ सामान्यतः देशाबाहेर मिळत नाही. ब्रिटनचे शासकीय निवृत्तिवेतन भारतात राहणाऱ्यास मिळते. परंतु त्यात वार्षिक वाढ होत नाही. निवृत्तीनंतर पुणे वा नाशिक येथे परतणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षी मोठा वाटणारा लाभ भाववाढीमुळे पुढे आक्रसत जातो, याचे हे एक कारण आहे.

मुंबईची पार्श्वभूमी : १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठविली गेली. त्यामुळे जुन्या भाडेकरूंना संरक्षण लाभले, तथापि भाड्यासाठी नवी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही व पागडीची प्रथा बळावली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू जमिनीचे समन्यायी वाटप हा होता. प्रत्यक्षात बरीच जमीन अडकून पडली. महाराष्ट्रात तो २००७ मध्ये रद्द झाला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगारांचे नियमित वेतनच संपुष्टात आले. गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील वाढत्या कुटुंबांना चाळीतील एक खोली अपुरी पडू लागली. खोली सोडल्यावर हाती येणाऱ्या रकमेत शहराच्या मध्यभागी दुसरे घर मिळत नसे. डोंबिवली, वसई वा भाईंदर येथे मात्र स्वतंत्र स्वयंपाकघर व संडास असलेली सदनिका घेता येई.

मीरा-भाईंदर : दक्षिणेस दहिसर, उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र यांमध्ये सु. ७९ चौ. किमी. क्षेत्रावर हे नगर वसले आहे. भातशेती, मिठागरे व मासेमारी हे येथील मूळ व्यवसाय. आगरी, कोळी व ख्रिस्ती हे मूळ रहिवासी होत. बोरिवली–विरार लोहमार्गाचे विद्युतीकरण १९३६ मध्ये झाले. चर्चगेटपासून भाईंदर सु. ४३ किमी. आहे. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. लोकसंख्या १९९१ मध्ये सु. १.७५ लाख, २००१ मध्ये सु. ५.२० लाख व २०११ मध्ये सु. ८.०९ लाख होती. म्हणजे वीस वर्षांत ती साडेचार पटींहून अधिक झाली. ही वाढ येथील उद्योगांपेक्षा मुंबईतील रोजगारावर अधिक अवलंबून होती. उपनगरी रेल्वेचा मासिक पास अंतराच्या मानाने स्वस्त असल्याने प्रवासखर्चाचा बराचसा भार रेल्वे उचलते. या अप्रत्यक्ष अनुदानावाचून हे स्थलांतर परवडले नसते. शिवाय सरकारी नोकरांचा घरभाडे भत्ता नोकरीच्या ठिकाणावरून ठरतो. त्यामुळे सीमेपलीकडे राहणाऱ्याचा भत्ता कमी होत नाही.

लाभहानीचे गणित : एक कल्पित उदाहरण घेता येईल. मासिक ४०,००० रुपये मिळविणाऱ्या व्यक्तीस शहरात १८,००० व सीमेपलीकडे १०,००० रुपये घरभाडे पडते, असे मानू. बचत ८,००० रुपये होते. रेल्वे व स्थानकापर्यंतची रिक्षा यांचा जादा खर्च १,५०० रुपये धरल्यास निव्वळ बचत ६,५०० रुपये राहते. प्रवासात रोज दीड तास अधिक जात असल्यास २५ दिवसांत साडेसदतीस तास खर्ची पडतात. म्हणजे गमावलेल्या प्रत्येक तासाचे सु. १७३ रुपये मिळतात. महिन्याचे २०० तास काम धरता त्याच व्यक्तीचे वेतन तासाला २०० रुपये पडते. घरातील दोघे नोकरीस जात असतील, तर बचत ५,००० रुपये व गमावलेले तास ७५ होतात. तासाचा मोबदला सु. ६७ रुपयांवर येतो. हातातील पैसा वाढतो, परंतु तो फुकट मिळत नाही; वेळ विकून मिळतो. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रीस हा वेळ झोपेतून व विश्रांतीतून काढावा लागतो. तिकिटाच्या दरात न दिसणारी गर्दी व तीतून होणारे अपघात हीदेखील याच व्यवहाराची किंमत आहे.

मर्यादा : स्वस्त घर अनेकदा सोयींच्या अभावामुळेच स्वस्त असते. मीरा-भाईंदरला पाण्यासाठी मुख्यतः शहाड-टेमघर योजना व औद्योगिक विकास महामंडळ यांवर विसंबून राहावे लागले. जेथे नळाचे पाणी अपुरे पडे, तेथे टँकरचा खर्च घरखर्चात मिळवावा लागे. इमारतीस रीतसर परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र नसल्यास आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले नसल्यास आयुष्याची पुंजी घातलेले घर कायद्याच्या दृष्टीने कच्चे राहते. दुसरी मर्यादा स्वस्ताईच्या स्वरूपातच आहे. लोक येऊ लागले, रस्ते व गाड्या वाढल्या, की जमिनीचे मूल्य चढते व प्रवासातील सुधारणेचा लाभ जमीनमालक व विकासक यांच्याकडे जातो. आधी घर घेतलेल्यास ही वाढ लाभदायक ठरते; भाडेकरूस मात्र पुन्हा पुढे सरकावे लागते. मीरा रोडनंतर नालासोपारा व विरार, आणि उपनगरी सेवा २०१३ मध्ये डहाणूपर्यंत वाढल्यानंतर पालघर, असा हा क्रम आहे. मिठागरात वा शेतात राबणाऱ्या मूळ रहिवाशास स्थानिक उत्पन्नावर शहरी भाव सोसावे लागतात. चापाला सरोवराकाठच्या गावकऱ्यांची स्थितीही यासारखीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खिमालाल तोतमे या खटल्यात (१९९०) जीविताच्या हक्कात राहण्यास योग्य अशा निवाऱ्याचाही समावेश होतो, असे म्हटले. या दृष्टीने पाहता स्वस्त राहणीसाठीचे स्थलांतर हा नेहमीच स्वेच्छेचा व्यवहार नसतो. ज्याचे उत्पन्न कोठेही मिळू शकते, तो स्वस्त ठिकाण निवडतो. ज्याचे उत्पन्न महानगराशी बांधलेले आहे, त्याच्यासाठी ती निवड जमिनीचे भाव व आगगाडीचे वेळापत्रक करतात. कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी भाड्याची घरे आणि निवासाच्या ठिकाणाजवळ रोजगार उपलब्ध झाल्यासच उत्पन्न पुरविण्यासाठी आयुष्यातील वेळ मोडण्याची गरज कमी होऊ शकेल.