मोरी का तुंबते?

घरातील ज्या जागेविषयी आपण सर्वांत कमी बोलतो, ती जागा म्हणजे मोरी. देवघराचे कौतुक होते, ओसरीचे होते, स्वयंपाकघराचे तर होतेच होते. मोरीची आठवण मात्र पाणी तुंबल्याखेरीज कोणासही होत नाही. आणि ते तुंबते तेही बहुधा सणाच्या दिवशी, पंगत उठल्यावर, खरकट्या भांड्यांचा ढीग पुढ्यात असताना. मग घरातील प्रत्येक जण म्हणतो, “कालपर्यंत तर ठीक होती!” वास्तविक ती काल ठीक नव्हती. मोरी एका दिवसात तुंबत नाही. ती वर्षभर तुंबत असते. आपल्याला ते एका दिवशी कळते, इतकेच. हे तुंबणे कशाने होते, त्यावर आपल्या हातून काय होण्याजोगे आहे आणि कोणती एक गोष्ट आपण कदापि करू नये, एवढे तीन मुद्दे आज आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

आपल्याकडील जुन्या घरांत मोरीचे पाणी उघड्या पन्हळीने परसात जाई आणि तेथील अळवाला व केळींना मिळे. पन्हळीत काही अडकले तर ते डोळ्यांस दिसे व खराट्याने निघे. आता कराडसारख्या गावातही वाड्यांच्या जागी मजल्यांवर मजले उभे राहिले, परस गेले, आणि सांडपाणी भिंतीच्या पोटातून व फरशीच्या खालून वाहू लागले. दुर्गंधी गेली ही मोठी सोय झाली. परंतु दिसणेही गेले. जे दिसत नाही, त्याची निगा राहत नाही.

मोरीच्या जाळीखाली एक वाकडी वाटी किंवा वळण असते. कारागीर त्याला ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात; त्यातला ‘न्हाणी’ हा शब्द आपलाच. या वळणात सुमारे दोन इंच पाणी नेहमी साचून राहते व ते बुचासारखे काम करते. गटारातील वायू त्या पाण्याला अडतो व घरात शिरत नाही. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने शौचकूपासाठी अशा वळणाचे पेटंट घेतले. आजची सारी वळणे त्याच तत्त्वावर चालतात. पुष्कळ दिवस न वापरलेल्या न्हाणीघरात घाण वास येतो, तो नळी तुंबल्यामुळे नव्हे, तर हे बूच वाळल्यामुळे. तेथे दोन तांबे पाणी ओतले की काम होते. कारागिराला बोलाविण्याचे कारण नाही.

आता तुंबण्याकडे वळू. न्हाणीघरात शत्रू दोन, केस आणि साबण. स्वयंपाकघरात शत्रू एकच, तो म्हणजे तेल. कढईतील उरलेले तेल, रश्शाचा तवंग, तुपाची बेरी हे सर्व गरम असताना पातळ असते आणि सुखाने नळीत उतरते. पुढे थंडावले की ते नळीच्या अंगाला चिकटते. शिवाय पाणी विंधन विहिरीचे, म्हणजे जड असेल तर त्यातील चुना आणि तेलातील आम्ले यांचा संयोग होऊन एक प्रकारचा न विरघळणारा साबण तयार होतो. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते आणि शेंगदाण्याची टरफले येऊन बसतात. चार इंची नळी अशा रीतीने तीन इंची होते, मग दोन इंची होते. आणि एका सणाच्या दिवशी बंद होते. हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. २०१७ साली लंडनमधील व्हाइटचॅपल भागाच्या गटारात चरबी आणि चिंध्यांचा सुमारे १३० टन वजनाचा व २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. तोही असाच घराघरांतून चमच्याचमच्याने जमला होता.

दुसरे कारण बांधकामाचे. नळीला पुरेसा उतार नसेल तर पाणी पुढे जाते व गाळ मागे राहतो. जुना ठोकताळा असा आहे की, चार इंची नळीस चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंची नळीस साठ फुटांत एक फूट उतार द्यावा. पाणी सेकंदास सुमारे दोन ते अडीच फूट वेगाने वाहिले म्हणजे ते आपला गाळ आपणच वाहून नेते. घर बांधताना फरशीचा रंग निवडण्यात आपण चार दिवस घालवितो. त्यांतील एक तास हा उतार पाण्याच्या नळीने मोजून घेण्यात घालवावा.

उपाय साधे आहेत. कढई व ताटे घासण्यापूर्वी कागदाने पुसावीत. वापरलेले तेल बाटलीत साठवावे, मोरीत ओतू नये. जाळीवर बारीक छिद्रांची दुसरी जाळी ठेवावी आणि ती रोज झाडावी. इतके करूनही पाणी अडलेच, तर लाकडी दांड्याची रबरी वाटी मोरीच्या तोंडावर बसवून दहापंधरा वेळा दाबावी व ओढावी. त्याने न भागल्यास लवचीक तारेची स्प्रिंग नळीत फिरवावी. एकाच घराची एकच मोरी अडली असेल, तर अडथळा बहुधा तिच्या वळणातच असतो. सगळ्या मोऱ्या एकदम अडल्या, तर तो बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा त्यापुढे आहे असे समजावे व जाणत्या कारागिरास बोलवावे. कॉस्टिक सोड्याची पूड शक्यतो टाळावी. ती पाण्यात पडताच उकळी फुटावी इतकी तापते. तिने कातडी भाजते आणि प्लास्टिकची नळी मऊ पडू शकते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीही घालू नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो व तो बंद न्हाणीघरात जीवघेणा ठरतो.

कराडकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा-कोयनांना मोठे पूर आले. नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी उलटे फिरते व सखल भागांतील मोऱ्यांतून वर येऊ लागते. त्या वेळी नळी तुंबलेली नसते. स्प्रिंग फिरवून काहीही साधत नाही. अशा घरांनी बाहेरच्या नळीवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घ्यावी.

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. पुष्कळ घरांचे शौचकूप सेप्टिक टँकला जोडलेले असतात. तिच्यात जड मळ तळाशी बसतो, हवेवाचून जगणारे जंतू तो कुजवितात आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. तो न उपसल्यामुळे टाकी भरते व घाण उलटते, मग आपण कोणाला तरी हाक मारतो आणि म्हणतो, “जरा आत उतरून बघ.” श्रोतेहो, हे चार शब्द अनेकांच्या मृत्यूस कारण झाले आहेत. कुजणाऱ्या मळातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असता त्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो; जास्त झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. विहिरीत सोडतात तसा पेटता कंदील सोडून हवा तपासावी म्हटले, तर आतील मिथेन वायू पेट घेतो.

म्हणूनच २०१३ च्या कायद्याने आवश्यक साधने व खबरदारी यांवाचून गटार किंवा सेप्टिक टँक माणसाकरवी साफ करून घेण्यास मनाई केली आहे. हा कायदा नगरपालिकेइतकाच घरमालकालाही लागू आहे, आणि पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरात दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. परंतु तीस लाखांनी कोणाचा बाप परत येत नाही. टाकी उपसावयाची ती यंत्राच्या गाडीने, वरूनच. गाडीला चार दिवस उशीर होत असेल, तर चार दिवस गैरसोय सोसावी.

एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत, २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात, कराडचा देशात पहिला क्रमांक आला होता. हा मान रस्ते झाडणाऱ्या हातांनी मिळवून दिला. गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय या गावात आहे. त्यांनी खराटा दुसऱ्याच्या हाती न देता स्वतःच्या हाती घेतला होता. आपणही आपल्या मोरीची जाळी आपल्या हाताने झाडावी, आणि जेथे आपण स्वतः उतरणार नाही, तेथे दुसऱ्यालाही उतरवू नये. घरची मोरी वाहती ठेवण्याचा याहून सोपा व याहून माणुसकीचा नियम मला ठाऊक नाही.