दप्तर कोठे आहे?

हडपसरचा शेतकरी पूर्वी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या चावडीत जाई. दप्तर ज्या कपाटात आहे ते कपाट तरी त्याला दिसत असे. आज मगरपट्ट्यात जेथे शेते होती तेथे संगणक-कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि उतारा घरबसल्या पडद्यावर मिळतो. मग दप्तर गेले कोठे? ते हवेत तरंगत नाही. कोठल्या तरी यंत्रात, कोठल्या तरी डिस्कवर, ते फाइलींच्या रूपानेच असते.

डेटाबेस सर्व्हर हा या दप्तराचा दप्तरदार होय. पुण्याच्या पेशवे दप्तरात आपण कागद मागतो. रुमाल कोठल्या फळीवर आहे हे तेथला माणूस जाणतो. येथेही तसेच. म्हणून पहिला नियम असा की, तर्क करू नये, दप्तरदारालाच विचारावे. पोस्टग्रेस असेल तर अधिकारी व्यक्तीने 'शो डेटा_डिरेक्टरी' अशी आज्ञा द्यावी. मायएसक्यूएलला 'डेटाडिर' या चलाची किंमत विचारावी. उत्तरादाखल फोल्डरचा पूर्ण मार्ग मिळतो. लिनक्सवर ही फोल्डरे बहुधा 'व्हार' मधील 'लिब' या जागी असतात हे खरे. पण जागा अपुरी पडली म्हणून कोणी ती दुसऱ्या डिस्कवर हलविलेली असतात, किंवा एकाच यंत्रावर दोन सर्व्हर नांदत असतात. 'बहुधा' या शब्दावर दप्तर सोपवू नये.

पोस्टग्रेसच्या फोल्डरात गेल्यावर खातेदारांची नावे दिसतील अशी अपेक्षा करू नये. तेथे फाइलींना आकड्यांची नावे असतात. कोणता तक्ता कोणत्या आकड्याखाली आहे, हेही सर्व्हरच सांगतो. शिवाय सर्व्हर चालू असताना या फाइलींची सरळ नक्कल करू नये. काही नोंदी त्या क्षणी स्मृतीत असतात, डिस्कवर उतरलेल्या नसतात. नक्कल अर्धवट निघते. त्यासाठी सर्व्हरबरोबर मिळणारी प्रत काढण्याची साधनेच वापरावीत.

यात धोका केवढा आहे, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी जगाने पाहिले. गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याला दुय्यम यंत्रावरील डेटाचे फोल्डर रिकामे करावयाचे होते. फोल्डर बरोबर होते, यंत्र चुकले. मुख्य यंत्रावरील सुमारे ३०० गिगाबाइट मजकूर क्षणार्धात पुसला गेला. नेहमीच्या प्रती काढणारा कार्यक्रम जुन्या आवृत्तीचा असल्याने निमूटपणे अपयशी ठरत होता, हेही तेव्हाच उमगले. सुमारे सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतले मात्र गेले.

तेव्हा गृहसंस्थेचा हिशेब असो, पतपेढीची खाती असोत वा दवाखान्याची नोंदवही, आपल्या कारभाऱ्यांना आपण तीन प्रश्न विचारावेत: दप्तर कोणत्या यंत्रावर आहे? कोणत्या फोल्डरात आहे? आणि त्याची प्रत काढून, ती पुन्हा उघडून कोणी, केव्हा पाहिली? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प बसला, तर दप्तर सुरक्षित नाही असेच आम्ही समजू.