वीज जाते तेव्हा झडप कुठे थांबते?

मोठ्या इमारतीत हवा वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये डॅम्पर नावाची झडप असते. ती उघडझाक करणारी छोटी मोटर म्हणजे ॲक्च्युएटर. तो निवडताना बहुधा ताकद आणि किंमत एवढंच पाहिलं जातं. ताकदीचा ठोकताळा सोपा आहे: एक चौरस मीटरच्या डॅम्परला साधारण ५ न्यूटन-मीटर, दोन चौरस मीटरला १०; धुळीनं बेअरिंग जड होतात, म्हणून थोडी जास्तच धरावी. पण पहिला प्रश्न वेगळा हवा. वीज गेली की झडप कुठे थांबणार? साधा ॲक्च्युएटर असेल तिथेच अडकून राहतो. स्प्रिंगवाला मात्र आधी ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर झडप ठरलेल्या बाजूला नेतो.

थंड देशांत बाहेरची हवा घेणारी झडप स्प्रिंगनं बंद होते, नाहीतर हवा गरम-थंड करणाऱ्या कॉइलमधलं पाणी गोठून नळ्या फुटतात. झाशीत ही भीती नाही, मग स्प्रिंगवर खर्च कशाला, असं कुणी म्हणेल. पण इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, धुळीची गरम लू वाहते, आणि पंखा बंद असताना उघडी राहिलेली झडप ती धूळ आणि धग आत घेते. शिवाय बहुतेक ॲक्च्युएटर ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठीच बनवलेले असतात. गच्चीवर, उन्हात तापलेल्या पत्र्याशेजारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते; तिथे सावली हवीच.

दुसरा आक्षेप जनरेटरचा: तो असताना स्प्रिंग कशाला? पण आग लागली की हवेच्या यंत्रणेची वीज मुद्दाम तोडतात, तिथे जनरेटरचा उपयोग नाही. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. त्या आगीचा डॅम्परशी संबंध जोडायचा नाही. पण रुग्णालयात धूर किती लवकर जीव घेतो, हे या शहराला वेगळं सांगायला नको. आगीच्या भिंतीतली झडप वीज गेल्यावर आपोआप मिटलीच पाहिजे. धूर बाहेर काढणाऱ्या डक्टवरची मात्र उघडावी लागते. काटकसर करायचीच तर खोलीतली हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांवर करा, तिथे साधा ॲक्च्युएटर पुरतो. आणि इमारत ताब्यात घेताना वीज तोडून, झडपेच्या दांड्यावरची खूण कुठे थांबते ते डोळ्यांनी पाहा. हीच चाचणी दरवर्षी करा.